लांबून ऐकू येईल असं नाव

“हिला बोलता येतं ना गं?”

पाळण्याच्या पलीकडून कुणीतरी हळूच विचारलं. कुंभिवलीहून आलेल्या वहिनीच्या मामी असाव्यात. हळू म्हणजे त्यांच्या मते हळू. हायवेलगत राहणाऱ्या माणसांचं कुजबुजणंही आमच्या ओटीवर सगळ्यांना ऐकू जातं.

“येतं की,” शेजारच्या पारूकाकू म्हणाल्या. “पर विंग्रजीत.”

बायका हसल्या. मीही हसले, खाली बघून. माझ्या हातांत सव्वा महिन्याचं बाळ होतं, दादाची मुलगी, आणि माझ्या पाठीमागे चार-पाच बायका हात उगारून उभ्या होत्या. आमच्याकडे बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ते मोठ्यानं म्हणायचं, आणि ती म्हणत असताना बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का घालतात ते कुणालाच माहीत नाही. सगळे हात माझ्या आवाजासाठी थांबले होते. मी बाळाच्या कानाशी वाकले होते आणि माझ्या तोंडून आवाज निघत नव्हता.

नाव मला माहीत होतं. मला एकटीलाच माहीत होतं. ते ठरवून महिना होऊन गेला होता. पण ज्या माणसानं ते माझ्याकडे तीनदा मागितलं होतं, त्याला मी ते सांगितलं नव्हतं, आणि आता तो माणूस घरात नव्हता.

या गोष्टीला यंदाच्या कापणीला वर्ष होईल. सकाळी स्कूटी घेऊन निघते तेव्हा कर्जतपर्यंत दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं दिसतं. कुठेकुठे कापणी सुरू झालीय. कापलेल्या भाताचा वास गोडसर आणि जरा दमट असतो, नुकत्या धुतलेल्या जमिनीवर दूध सांडल्यासारखा. लोकांना त्या वासानं दिवाळी आठवते. मला ऑक्सिजनच्या मशीनची घरघर आठवते. त्या वर्षी दोन्ही गोष्टी एकाच खिडकीपाशी होत्या. वास बाहेरून यायचा आणि घरघर आतून.

रसायनीला एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी पाण्याचे नमुने तपासते. नमुन्याची बाटली घ्यायची, तपासायची, आकडा लिहायचा. दिवसभरात वीस वाक्यं बोलले तरी खूप. मला ते आवडतं. बाबांना ते कधी कळलं नाही, कारण बाबांचं सगळं आयुष्य बोलण्यात गेलं.

बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. कर्जत, कडाव, कशेळे, पुढे मुरबाड, आणि परत. एकतीस वर्षं. आमच्या बाजूला कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे शाळेचं तोंड सातवीपर्यंतच पाहिलेले बाबा गावात मास्तर होते आणि त्यांची बी.एस्सी. झालेली मुलगी मास्तरांची पोर. निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज कमी झाला नाही. आईला अंगणातून चहा मागायचे तेव्हा शेजारच्या दोन घरांतून, “आमच्याकडं पण ठेव गं वहिनी,” असं उत्तर यायचं.

मी लहानपणी बोलायची, असं आई सांगते. मग मला कर्जतच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथे मराठीत बोललं की बाकावर उभं राहावं लागायचं, आणि घरी आल्यावर ‘आमी, तुमी’च्या जागी ‘आम्ही, तुम्ही’ म्हटलं की चुलतभावंडं नक्कल करायची. तोंड उघडलं की दोन्हीकडे चूकच व्हायची. हळूहळू मी तोंड उघडणंच कमी केलं. कुणी ठरवून केलं नाही, माझी तक्रारही नाही. एखाद्या वाटेनं माणसं जायची थांबली की तिथे गवत उगवतं, तसं काहीसं झालं.

आठ वर्षांची असताना सुट्टीत बाबा मला गाडीवर घेऊन गेले होते. दारापाशी कंडक्टरची एकट्याची सीट असते, तिच्यावर मला बसवलं. कडाव जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, “आज तू हाक मार. मी गप बसतो.” गाडीतली माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. कडेला ओझं घेऊन बसलेल्या बायका, पागोटं घातलेला एक म्हातारा, सगळे. माझ्या घशात ‘कडाव’ हा शब्द आला आणि तिथेच बसला. गाडी थांब्याच्या पुढे वीस पावलं गेली. मग बाबांनीच आवाज दिला, दोर ओढून एक घंटी दिली. उतरणारी माणसं मागे चालत गेली, कुरकुरत.

“पोर लाजते, मास्तर,” पागोटेवाला म्हणाला.

“लाजू दे,” बाबा म्हणाले. आणि मग माझ्या कानाशी वाकून, “आज नाय तर उद्या. थांबे कुठं पळून जात नायत.”

दोराची भाषा मला तेव्हाच कळली. एक घंटी म्हणजे थांब. दोन घंट्या म्हणजे चल. पुढे ड्रायव्हर बसलेला, त्याला मागचं काही दिसत नाही. त्यानं फक्त घंटी ऐकायची आणि मास्तरवर विश्वास ठेवायचा.

तेराव्या वर्षी एकदा मी मैत्रिणींबरोबर कर्जतहून परत येत होते. नेहमीची जीप चुकली म्हणून लाल गाडीत चढलो. गाडी बाबांची निघाली. मैत्रिणी इंग्रजीत काहीतरी बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. इतकी टक लावून, की बाहेर जणू पहिल्यांदाच शेतं उगवली होती. बाबा तिकिटं देत देत आमच्या सीटपाशी आले. माझ्याकडे बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही, एखादा क्षण असेल. मग म्हणाले, “कुठं जायचं, ताई?”

मी थांब्याचं नाव सांगितलं. त्यांनी तिकीट पंच केलं, माझ्या हातात दिलं, आणि पुढच्या सीटकडे वळले.

त्या संध्याकाळी घरी मी त्यांच्या हाकेची वाट बघत बसले होते. ते रागावतील, किंवा आईला सांगतील, किंवा निदान गप्प तरी राहतील. ते जेवले, हात धुतले, आणि मी पाण्याचा तांब्या ठेवायला उठले तर ओटीवरून म्हणाले, “कुठं जायचं, ताई?” आणि स्वतःच हसले. पुढे तो आमचा रोजचा खेळच झाला. कॉलेजला निघाले की, नोकरीला निघाले की, दारातून प्रश्न यायचा. मी “रसायनी” म्हणायची. ते जीभ टाळ्याला लावून पंचचा टिक् असा आवाज काढायचे. मी कधी माफी मागितली नाही. त्यांनी मागायला जागाच ठेवली नाही. त्या एका प्रश्नावर त्यांनी इतक्या वर्षांचं हसू चढवून ठेवलं होतं, की खालचं काही दिसू नये.

वहिनीला दिवस गेले तेव्हा बाबांना धाप लागायला सुरुवात झाली होती. दोन्ही एकदमच वाढत गेलं. सातव्या महिन्यात वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कुंभिवलीला गेली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून सांगितलं, की फुप्फुसं कडक होत चाललीत, आता घरी मशीन ठेवा. बाबांची कॉट ओटीवरून आत खिडकीपाशी आली. खिडकीतून खळं दिसतं, खळ्यापलीकडे आमचं शेत, बांध, आणि बांधाच्या वर सडक. गाड्या दिसतात. ते पडल्या पडल्या गाड्या मोजायचे, आणि कुठली वेळेवर आली, कुठली नाही, हे आईला सांगायचे. आईला त्यात काहीच रस नव्हता. ती दरवेळी “हो का” म्हणायची.

वहिनीनं जाताना मला सांगितलं होतं, “नाव तूच ठरव. आत्या आहेस. फक्त सिरियलमधलं नको.” मी नावांची यादी केली. मला असली कामं नीट जमतात. नऊ नावं झाली. सगळी सुंदर, सगळ्यांना अर्थ होते, दोन-तीन तर अशी, की अर्थ समजावून सांगावा लागला असता. बाबांनी मला लिहिताना बघितलं.

“दाखवू नको,” ते म्हणाले. “बाळाच्या आदी कुणाला नाव कळू द्यायचं नाय. रीत हाय. पर एक सांगतो, ऐक.” मशीनच्या नळीमागून ते थांबत थांबत बोलायचे. “नाव असं पायजे, हाक मारून झाली तरी तोंड उघडं राहील. कडाव म्हणून बघ. तोंड मिटतं. हाक दोन शिटांपुढं जात नाय. कशेळे म्हण. पार डायवरपर्यंत जातं. पोर बांधावर खेळत आसंल, तिन्हीसांजा होतील, आईला दारातनं हाक मारायला लागंल. नाव लांबून ऐकू आलं पायजे.”

“बरं,” मी म्हणाले.

“विंग्रजी बरं नको,” ते म्हणाले. “खरं बरं.”

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन बांधावर गेले. मोठ्यानं म्हणून बघणं मला शक्य नव्हतं, शेतात दोन माणसं होती. मी ओठ हलवून, आवाज न काढता, एकेक नाव हाकेसारखं म्हटलं. ज्या नावाच्या शेवटी तोंड मिटलं, ते खोडलं. जे नाव लांबवताना तुटलं, ते खोडलं. नऊपैकी एक उरलं. सगळ्यांत साधं. यादीत ते मी नववं म्हणून, कागद भरावा म्हणून लिहिलं होतं. म्हणजे ते नाव खरं तर बाबांनीच ठेवलं. हे त्यांना कधी कळलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात मुलगी झाली. दादानं कुंभिवलीहून फोन केला. बाबांनी तो कानाला लावून बराच वेळ नुसता ऐकला. फोटो नंतर आला. दुपट्याची गुंडाळी, तिच्यातून बाहेर आलेली एक मूठ आणि काजळाचा केवढा तरी मोठा ठिपका. बारशाआधी चेहरा फोनवर नको, असं वहिनीच्या आईचं म्हणणं. बाबा म्हणाले, बरोबर हाय तेंचं. पण रोज संध्याकाळी वहिनी बाळ रडायला लागलं की फोन लावायची आणि बाबा ते रडणं ऐकायचे. मागून हायवेचे हॉर्न ऐकू यायचे, त्यांच्याही वर तिचा आवाज.

“मागच्या शिटपर्यंत जातोय,” बाबा आईला म्हणाले. “आपली हाय.”

मग माझ्याकडे वळले. “नाव झालं का गं?”

“झालं.”

“काय?” म्हणाले, आणि लगेच हात हलवला. “नको, नको. बारशाला.”

ते पहिल्यांदा विचारणं. मला तेव्हा गंमत वाटली.

दादा म्हणाला, गाडी करून बाळाला आणूया, तासाभराचा तर रस्ता. बाबा तयार झाले नाहीत. “ओलं बाळ, रस्त्याला ही धूळ. मी जातो. बाराव्या दिवशी बारशाला मी जाणार. जल्मभर मीच लोकांच्या दारात गाडी नेली.” आईनं त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. दादानं ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरची चौकशी केली. सगळे त्या शर्टाकडे बघून दिवस मोजत होते. दहा दिवसांचं सोयर लागलं होतं, देवपूजा बंद होती. बाबा म्हणायचे, “बरं झालं. आता पडून ऱ्हायला देवाची पण परवानगी हाय.”

त्या दिवसांत त्यांना भेटायला माणसं येत होती. मास्तरला नात झाली, असं कळलं होतं, आणि मास्तरचं काही खरं नाही, हेही कळलं होतं. दोन्ही बातम्या एकाच गाडीनं पोचल्या होत्या. येणारी माणसं दारात घोटाळायची, अभिनंदन करायचं की विचारपूस. वरच्या ठाकरवाडीतल्या एक आजी पदरात करांदे बांधून आल्या. डोंगरातले ते कंद आई उकडते, बाबांना फार आवडायचे. त्या खाली जमिनीवरच बसल्या, खुर्ची घेतली नाही.

“मास्तर, नातीला बगाया जाया पायजे आता तुमाला,” त्या म्हणाल्या.

“जाणार ना. तिकीट काढलंय.”

“मंग मी पण येतं. मोळी घेऊन चढलं तं चालंल ना?”

बाबा हसता हसता खोकायला लागले. त्या गेल्यावर आई म्हणाली, इतर मास्तर मोळी बघून दोन घंट्या द्यायचे, तुझे बाबा स्वतः उतरून मोळी टपावर चढवायला हात लावायचे. मला हे माहीत नव्हतं. बाबांविषयीच्या अशा कितीतरी गोष्टी मला त्या आठ-नऊ दिवसांत दुसऱ्यांकडून कळल्या. मी त्यांच्याच घरात पंचवीस वर्षं राहिले होते.

तो दिवस मावळताना मी त्यांच्यापाशी बसले होते. बाहेर झोडणीचा आवाज येत होता, शेजारच्या खळ्यावरून, भाताचा भारा लाकडावर आपटल्याचा, धप्, आणि मग दाणे सांडल्याची सरसर. बाबा म्हणाले, “सगळी चांगलंच सांगतात. त्यांचं मनावर घेऊ नको.”

मी त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

“एक बाई धावत येत होती. कशेळ्याच्या अलीकडं. कडेवर पोर. मी बघितली. गाडी अर्ध्या तासानं लेट होती, डायवर कावला होता. मी दोन घंट्या दिल्या.” ते थांबले. नळी नीट केली. “मागच्या काचेतनं बघितलं. ती रस्त्यात थांबली, न् पोराला खाली ठेवलं. दमली आसंल. एवढंच. पुढं काय झालं, नाय माहीत. पोर आजारी होतं का, बाजारालाच चालली होती, नाय माहीत. एक मिनिट थांबायचं होतं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय. त्यानंतर दोर वढायच्या आदी मागं बघायची सवय लागली. पंचवीस वर्षं बघितलं मागं. रोज. ती परत काय दिसली नाय.”

एवढ्या वर्षांत त्यांनी किती माणसं पोचवली असतील. त्यातली कुणीच त्यांना आठवत नव्हती, न पोचवलेली एक आठवत होती. मला तेव्हा वाटलं होतं की आजारी माणसाचं मन असंच कुठेतरी अडकतं. आता वाटतं, चांगलं जगलेल्या माणसापाशी शेवटी हेच उरत असावं. ज्यांचं देणंघेणं नीट झालं ती माणसं उतरून जातात. राहिलेली माणसं सीट सोडत नाहीत.

मग त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. “नाव सांगायचं नसंल तर नको सांगू. पर लांबून ऐकू येईल ना?”

“येईल,” मी म्हणाले.

“मंग झालं.”

दहावा दिवस. मी रजा टाकली होती. दादा बारशाच्या तयारीला कुंभिवलीला गेला होता. आमचं भात पिकून आडवं पडायला आलं होतं, पाच-सहा माणसं कापणीला लावली होती, आई त्यांची भाकरी घेऊन शेतात गेली होती. सकाळी मी उठून पाणी आणायला निघाले तर बाबांनी ओठ हलवले. आवाज आला नाही, पण मला कळलं. कुठं जायचं, ताई?

“कुठेच नाही,” मी म्हणाले. “इथेच आहे.”

दुपारी त्यांनी कॉटच्या लोखंडी दांडीवर नखानं एकदा वाजवलं. बोलायला जड जायला लागल्यापासून हे सुरू होतं. एकदा वाजवलं की जवळ ये. मी जवळ गेले. खिडकीतून ऊन त्यांच्या हातावर पडलं होतं. खुंटीला शर्ट होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकच शब्द म्हणाले.

“नाव.”

घरात कुणी नव्हतं. रीत मोडली असती तर कुणाला कळलं नसतं. वाकून कानात दोन अक्षरं सांगायची होती, मला मोठ्यानं बोलायचीही गरज नव्हती. आणि तरी मी सांगितलं नाही. लोकांना मी नंतर सांगितलं की रीत होती म्हणून. ते खरं नाही. आज मी ते नाव सांगितलं असतं, तर त्याचा अर्थ असा झाला असता की परवा तुम्ही नसणार हे मला मान्य आहे. मला ते मान्य नव्हतं. त्यांनाही ते माझ्याकडून ऐकायला नको, असं मी धरून चालले.

“परवा सांगते, बाबा,” मी म्हणाले. “बारशाला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. तेराव्या वर्षी गाडीत बघितलं होतं तसं, एखादा क्षण. त्यांना सगळं कळलं होतं, तेव्हाही आणि आताही. मला जे लपवायचं होतं ते त्यांनी मला लपवू दिलं. मग त्यांनी मान हलवली, आणि दांडीवर नख वाजवलं. एकदा. दोनदा.

मला वाटलं, जा म्हणतायत, बस झालं, तुझं काम कर. मी उठले आणि पाण्याचा पेला विसळायला गेले.

दिवस मावळायच्या आत बाबा गेले. आई शेतातून नुकती आली होती, तिच्या पदराला भाताचं कुसळ अडकलेलं होतं. तो पांढरा शर्ट त्यांना घातला.

सुतकाचे दिवस कसे गेले, ते मला ओळीनं आठवत नाही. तुकडे आठवतात. बारसं पुढे गेलं. सोयर संपता संपता सुतक लागलं आणि कुंभिवलीला बारशापर्यंत बाळाला सगळे नुसतं ‘बाळ’ म्हणत राहिले. आमचं भात शेतात तसंच उभं होतं, अर्धं कापलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत गेले तर शेतात वीसेक माणसं वाकलेली दिसली. कुणी बोलावलं नव्हतं. गावातली होती, ठाकरवाडीतली होती. करांदेवाल्या आजी बांधावर बसून भारे बांधायचे बंध वळत होत्या. सुतकाच्या घरचं पाणीही कुणी प्यायलं नाही. आपापल्या बाटल्या आणल्या होत्या, आपापली भाकरी. दुपारपर्यंत शेत मोकळं झालं. सडकेवरून लाल गाडी गेली, आणि शेतापाशी येऊन तिचा वेग जरा कमी झाला, किंवा मला तसं वाटलं.

मी रडले नाही. मी खिडकीपाशी बसून दांडीवर नख वाजवून बघितलं. एकदा. एकदाच.

सव्वा महिन्यानं वहिनी बाळाला घेऊन आली. बारसं इथेच करायचं ठरलं, साधं, घरातल्या घरात. लाऊडस्पीकर नाही, पाळणा म्हणायचा तोही एकच. पाळणा ओटीवर बांधला, आजारपणाआधी बाबांची कॉट असायची तिथे. मशीन परत गेलं होतं, आत खिडकीपाशी भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन बसली होती. ती पाळण्यापाशी येत नव्हती, आणि कुणी तिला बोलावतही नव्हतं. का ते सगळ्यांना माहीत होतं.

वहिनीनं बघितलं. ती उठली, बाळंतिणीनं उठू नये अशा वेळी उठली, आणि आईचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं. “दोरी तुम्ही धरा, आई,” ती म्हणाली. “तुम्ही ओढल्याशिवाय हा पाळणा हलायचा नाही.” एकदोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पारूकाकूंनी घसा खाकरला आणि म्हणाल्या, “धर गं. मास्तरच्या घरात दोरी दुसरं कोन वढणार?” आईनं दोरी धरली.

मग बाळ माझ्या हातात आलं. पहिल्यांदाच. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं आणि गरम होतं. तिला बाबांचं काहीच आलेलं नव्हतं. नाक नाही, कपाळ नाही, मी सगळं शोधून बघितलं. ती झोपेत तोंड उघडं ठेवून होती.

मी तिच्या कानाशी वाकले. तेवढ्यात पलीकडून तो प्रश्न आला, हिला बोलता येतं ना गं, आणि बायका हसल्या, आणि माझ्या पाठीवरचे हात थांबून राहिले. ‘कडाव’ घशात बसलं होतं तसंच हेही बसलं. माझ्या मनात एकच होतं. हे नाव आधी कुणाच्या कानात जायला हवं होतं. मी दोन अक्षरं सांगितली नाहीत, आणि गाडी गेली. मागची काच होती, आणि काचेपलीकडे त्या बाईसारखी मी होते, हातात काहीतरी घेऊन रस्त्यात थांबलेली. आता या लहान कानात ते ओतून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, हे मला जमेना.

“सांग गं पोरी,” पारूकाकू म्हणाल्या, या वेळी चेष्टेनं नाही. “आमचे हात दुखाया लागले.”

मी मान वर केली. आई दोरी धरून माझ्याकडे बघत होती. तिच्या पलीकडे ओटीचं दार उघडं होतं. दारातून खळं दिसत होतं, रचलेला पेंढा, मग मोकळं शेत, कापलेल्या भाताची खुंटं, बांध, सडक. मी सडकेवर नीट बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणी धावत येत नव्हतं. थोडा वेळ मी तरीही बघत राहिले.

मग मी बाळाच्या कानात नाव सांगितलं. तिनं डोळे उघडले नाहीत, नुसती मूठ सोडली आणि पुन्हा वळली. पाठीत पहिला धपाटा बसला, मग दुसरा, आणि कुणीतरी म्हणालं, आता मोठ्यानं. मी बायकांकडे बघितलं नाही. दाराकडे तोंड केलं, आणि ओटीवरून खळ्यात, खळ्यातून बांधावर जाईल एवढा श्वास घेतला.

“जुईऽऽ,” मी म्हणाले. “बाबा, जुईऽऽ.”